शिक्रा केडगावला आला

विमान शुक्रवारी आलं. लांबलचक ट्रेलरवर धड वेगळं, पंख वेगळे, शेपूट ताडपत्रीत गुंडाळलेलं. पुणे रस्त्यावरची वाहतूक तासभर खोळंबली आणि काकासाहेबांच्या शाळेतली पोरं कंपाउंडच्या भिंतीवर चढून ओरडत राहिली. रमीजनं एमआयडीसीतल्या आपल्या गॅरेजची क्रेन आणली, हवाई दलाची माणसं आली, त्यांनी पंख जोडले, आणि रविवारी दुपारपर्यंत अर्धं केडगाव शाळेच्या मैदानात जाऊन विमानापाशी फोटो काढून आलं.

रमीजचा थोरला भाऊ फैयाज पुण्याहून आला तो मात्र मागच्या बोळातून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुरय्याबींनी गाडी बघितली आणि त्यांना कळलं, पोरानं शाळेचा रस्ता टाळला. डाळ-मटणाच्या दालच्याच्या पातेल्यावर झाकण ठेवून, हात पुसत त्या दारात आल्या.

फैयाज गाडीतून उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर काढायचा, मग दाराला धरून कंबर हळूहळू सरळ करायचा. बायको शबनम तोवर डिकीतून पिशव्या काढत राहायची, आपलं लक्ष नाही असं दाखवत. मुलगी मेहरीन सगळ्यात आधी उतरून पळत आत गेलेली. एक्कावन्न वर्षांचा माणूस, पण गाडीतून उतरताना बापापेक्षा म्हातारा दिसायचा.

"दमलास?"

"नाही अम्मी. शिरूरला थांबलो होतो थोडं."

आत फैयाजचे वडील, बाबाजान, आरशासमोर निळा कोट घालून उभे होते. कोटाच्या खिशावर शिक्रा पक्ष्याचा बिल्ला. कोट खांद्यात सैल झाला होता, आणि मेहरीन मागून टाचणी लावून बघत होती. अठ्ठ्याहत्तरीतही म्हातारा ताठ होता. शिक्रा ही हवाई दलाची लढाऊ विमानांची स्क्वॉड्रन. बाबाजान तिच्यात इंजिन मेकॅनिक म्हणून लागले, एकाहत्तरच्या लढाईत तिच्याबरोबर होते, राजस्थान झालं, आसाम झालं, आणि वॉरंट ऑफिसर होऊन घरी आले. पुढं फैयाज त्याच स्क्वॉड्रनमध्ये पायलट म्हणून गेला तेव्हा बाबाजानांनी सबंध केडगावात पेढे वाटले होते. तीन वर्षांनी फैयाजचं विमान पडलं. तो वाचला, पण पाठीचा कणा दबला आणि उडणं संपलं. उरलेली नोकरी त्यानं टेबलामागं केली. आता तो पुण्यात एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता.

या पावसाळ्यात स्क्वॉड्रनच बंद झाली. विमानं जुनी झाली होती. शेवटचं संचलन झालं, झेंडा गुंडाळून ठेवला गेला, आणि इंजिन काढलेलं एक विमान काकासाहेबांनी खटपट करून आपल्या शाळेसाठी मिळवलं. सोमवारी सकाळी त्याचं अनावरण होतं. पडदा ओढायचा मान बाबाजानांचा.

"बघून आलास का रे?" आरशातूनच बाबाजानांनी विचारलं.

"उद्या बघीन."

"रंग चांगला दिलाय. पण नाकाखालची झाकणं उलटी बसवली होती. मी सांगितलं तेव्हा फिरवली."

फैयाज हसला. हसण्यासारखंच होतं ते. मग तो खुर्चीत उशी ठेवून बसला.

काकासाहेब जेवायलाच आले. घरात एरवी दखनी चालायची, पण काकासाहेब आले की सगळे मराठीवर यायचे, अगदी भांडणसुद्धा. पासष्टीचा गडी, मूळचा पारनेर तालुक्यातला, पांढरा सदरा, हातात दोन मोबाईल. शाळेला जोडून त्यांनी सैन्यभरतीच्या तयारीचा वर्ग काढला होता आणि विमानाच्या पायी पुढच्या वर्षी दोन तुकड्या भरतील असा त्यांचा हिशोब होता.

"चाची, दालचा म्हंजे दालचा तुमचाच," पहिल्याच घासाला ते म्हणाले. "आमच्या घरी बायकोनं करून बघितला. वरण झालं."

सगळे हसले. सुरय्याबींनी त्यांना आणखी वाढलं. जेवण निम्मं झालं तेव्हा काकासाहेबांनी डाव्या हातानं मोबाईल काढून फैयाजपुढं धरला.

"साहेब, विमानाजवळ पाटी लागणार हाय. स्क्वॉड्रनचा इतिहास. चाचांनी सांगितला, आमच्या सरांनी लिवला. उद्या फ्लेक्स, म्हैन्याभरानं ग्रॅनाईट. तुमी एकदा नजर टाका. तुमी त्यातले मानूस."

फैयाजनं मोबाईल घेतला आणि मोठ्यानंच वाचलं. स्क्वॉड्रन कधी उभी राहिली, पहिली विमानं कुठली, एकाहत्तरमध्ये शत्रूच्या धावपट्टीवर कसे हल्ले केले, कोणाला पदकं मिळाली. मग आसाम, मग सीमेवरचा पहारा, मग निरोपाचं संचलन. भाषा झोकात होती. 'गगनाला गवसणी' दोनदा आली होती.

"छान आहे," तो म्हणाला. "बाकीचे कुठं आहेत?"

"कोण बाकीचे?"

"जे गेले ते. लढाईतले दोघं लिहिलेत तुम्ही. सरावात गेले ते नाहीत. बराड, कुट्टी, दत्ता. शिक्रामध्ये लढाईपेक्षा सरावात जास्त माणसं गेली, काकासाहेब. इतिहास म्हणताय ना? मग तोही इतिहासच आहे."

काकासाहेबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "साहेब, तुमचं बराबर हाय. पन उद्या आईबाप येणार पोरांचे. ते पाटी वाचणार. विमान पडलं, मानूस मेला, विमान पडलं, मानूस मेला. मग कोन पाठवंल पोराला?"

"खरं वाचून जो पाठवेल तो पाठवेल."

"फैयाज," बाबाजान म्हणाले. आवाज चढला नव्हता. "अपघात हे स्क्वॉड्रनच्या घरातलं असतं. घरातलं चौकात लावत नाहीत."

"घरातलं घरात तरी कधी बोललो आपण, अब्बा?"

रमीजनं पाण्याचा ग्लास जरा जोरातच खाली ठेवला. धाकटा मुलगा. आईबापाजवळ राहिलेला, हात कायम ग्रीसचे. "भाई, तीन दिवस माझी क्रेन तिथं उभी आहे. गिऱ्हाईकं परत पाठवली मी. अब्बा तर आठवडाभर झोपलेले नाहीत आनंदानं. तू वर्षातनं दोनदा येतोस. एक दिवस, एकच दिवस, गोड मानून घे ना."

"गोडच मानतोय. नावं लिहा एवढंच म्हणतो. नाहीतर मी उद्या येणार नाही."

शबनमनं टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो तिनं 'गप्प बसा' म्हणून ठेवला होता की 'बोला' म्हणून, ते फैयाजला कळलं नाही.

काकासाहेब हिंडून आलेला माणूस. तापलेल्या बैठकीत विषय कसा बदलायचा ते त्यांना माहीत होतं, निदान तसं त्यांना वाटत होतं. "आसं करू नका, साहेब. तुमच्याबिगर कार्यक्रमाला शोभा न्हाई. उद्या तीन पिढ्यांचा सत्कार ठेवलाय आपन. चाचांचा, तुमचा, आन आपल्या मेहरीनचा. लेक वायुसेनेत पायलट म्हणून निवडून आली, ह्याच्यापरीस मोठी गोष्ट काय हाय केडगावात?"

ताटातले सगळे हात थांबले.

फैयाजनं आधी काकासाहेबांकडं बघितलं, त्यांनी काही चूक केली असावी अशा नजरेनं. मग मेहरीनकडं. तिनं मान खाली घातली. मग एकेक चेहरा. बाबाजान. रमीज. अम्मी. शेवटी शबनम.

"तुलाही माहीत होतं?"

"यादी दहा दिवसांपूर्वी लागली," शबनम म्हणाली. "आज संध्याकाळी सांगणार होतो. सगळे मिळून."

"सगळे मिळून," फैयाज म्हणाला. "म्हणजे मला सोडून सगळे."

तो उठला. नेहमीप्रमाणे दोन खेपेत उठला, पण या वेळी कोणी नजर वळवली नाही, कारण कोणालाच कुठं बघावं ते सुचत नव्हतं. हात धुतले आणि तो मागच्या अंगणात निघून गेला.

काकासाहेब हळूच म्हणाले, "चाचा, माझं काय चुकलं का?"

"तुमचं नाही," सुरय्याबी म्हणाल्या. "आमचंच चुकलं."

मेहरीन अंगणात आली तेव्हा अब्बू सीताफळाच्या झाडाजवळ, भिंतीला पाठ लावून उभा होता. दुखायला लागलं की तो असाच उभा राहायचा. लहानपणी ती त्याच्या शेजारी तशीच पाठ टेकून उभी राहायची, खेळ म्हणून. आजही तशीच राहिली.

"परीक्षेला पुण्यातच बसले. मुलाखतीला म्हैसूरला गेले. तुम्हाला कॉलेजची सहल सांगितली."

"आणि मेडिकल?"

"दिल्लीला. आई होती बरोबर."

"मावशीच्या मुलीचं लग्न." फैयाज स्वतःशीच म्हणाला. "आणि तयारी? कोणी करून घेतली?"

"दादांनी." आजोबांना ती दादा म्हणायची. "रोज फोनवर. एकाहत्तरची प्रत्येक मोहीम मला तोंडपाठ आहे, अब्बू. कुठल्या विमानाचं कुठलं चाक कुणी बदललं तेसुद्धा." ती थांबली. तिला रडायचं नव्हतं, ठरवून आली होती. "पण मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुझे वडील त्याच स्क्वॉड्रनमध्ये होते, त्यांचा अपघात झाला, तेव्हा काय घडलं? मला काहीच सांगता आलं नाही. मी म्हटलं, आमच्या घरी त्यावर बोलत नाहीत. मुलाखत घेणारे तिघेही माझ्याकडे बघत राहिले."

फैयाजनं सीताफळाचं एक पान तोडलं.

"दादांनी मला जिंकलेलं सगळं सांगितलं. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. मी निम्मी गोष्ट ऐकून निघालेय, अब्बू. जानेवारीत जायचंय. तुम्ही नाही म्हणालात तरी मी जाईन बहुतेक. पण निम्मीच गोष्ट घेऊन जायची मला भीती वाटते."

शेजारच्या गच्चीवर कोणी तरी गोधड्या झटकत होतं. फैयाजला आठवलं, ही पोर जन्मली तेव्हा त्याच्या कमरेला प्लास्टर होतं आणि तिला उचलून घ्यायलाही दुसऱ्याची मदत लागली होती. आता ती त्याच्याइतकी उंच झाली होती.

"चल," तो म्हणाला. "आतच सांगतो. त्यांनीही ऐकलेलं नाही."

काकासाहेब निघायला उठले होते. फैयाजनं त्यांना हातानं बसवलं. "बसा. तुमच्या पाटीचाच विषय आहे."

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभाच राहिला.

"सकाळची वेळ होती. सरावाचं साधं उड्डाण. परत येऊन उतरायला वळलो, खाली आलो होतो बराच, आणि समोर घारी. चुकवायला जागा नव्हती. एक इंजिनात गेली. मोठा धक्का बसला आणि मग एकदम शांत झालं. एका इंजिनाचं विमान, ते गेलं की दगड. त्या उंचीवर नियम एकच असतो. खुर्चीची मूठ ओढायची आणि खुर्चीसकट बाहेर पडायचं. विचार करायचा नाही. शिकवतानाच सांगतात, तिथं विचार करणारा मरतो."

"मग?" रमीजनं विचारलं. तो पुढं सरकून बसला होता.

"मी विचार केला." फैयाजनं बाबाजानांकडं बघितलं नाही. "लहानपणी माझी सायकल पंक्चर झाली, की अब्बा म्हणायचे, जिथं आहे तिथनं ढकलत घेऊन ये. मशीन टाकून यायचं नाही. विमान घरी आणायचं, हे वाक्य तर जेवताना, झोपताना ऐकलेलं. तेच कानात वाजलं. मी इंजिन पुन्हा चालू करायला गेलो. नाही झालं. पुन्हा गेलो. मग समोर जमीन दिसली तेव्हा मूठ ओढली. पॅराशूट पुरतं उघडायच्या आत मी खाली आपटलो. विमान रिकाम्या रानात पडलं, कोणाला काही झालं नाही. मी आणखी एकदा बटण दाबलं असतं, तर बराड, कुट्टी, दत्ता आणि माझं नाव. म्हणून मला ती नावं हवीत, काकासाहेब. ती माझ्या शेजारची माणसं आहेत."

काकासाहेबांनी मोबाईल टेबलावर उपडा ठेवला.

"आणि दुसऱ्या दिवशी अब्बा आले. नगरहून दोन गाड्या बदलून. मी पालथा, हालता येत नव्हतं. दारातून आले, उभे राहिले, आणि पहिला प्रश्न विचारला, 'पुन्हा चालू करून बघितलंस का?'" त्यानं आता बाबाजानांकडं बघितलं. "कसा आहेस, नाही. दुखतंय का, नाही. इंजिन चालू करून बघितलंस का."

रमीज बापाकडं वळला. दुपारपासून तो बापाच्या बाजूनं होता, तेवीस वर्षं होता. "अब्बा, खरंच?"

बाबाजान निळा कोट घालूनच जेवायला बसले होते. त्यांनी हात धुतले नव्हते. वाळलेल्या बोटांकडं ते बघत होते, जणू त्यातलं एखादं बोट आता बोलणार होतं.

त्यांना तो दवाखाना स्पष्ट आठवत होता. दारातून दिसली ती पोराची पाठ, पांढऱ्या पट्ट्यांत आवळलेली, आणि ती वरखाली होत होती. श्वास चालू होता. तेवढं बघितल्यावर त्यांना उभंही राहवेना. रडले असते तर पोरासमोर खाली बसले असते, आणि शेजारच्या खाटेवर दुसरा अफसर होता. तीस वर्षं त्यांनी अफसरांसमोर ताठ उभं राहण्यात काढली होती.

"तू दारातून दिसलास," ते म्हणाले. "श्वास घेत होतास. ते मी बघितलं. जे डोळ्यांनी दिसलं ते काय विचारायचं? आणि मला माहीत होतं, चौकशी बसणार. पहिला प्रश्न हाच येणार. तुझ्याकडं उत्तर आहे का, हे मला आधी कळायला हवं होतं. नसतं तर मी शोधून दिलं असतं. इंजिनाचं सगळं मला येत होतं." ते थांबले. "बाप म्हणून बोलायला त्या दिवशी जमलं नाही रे. मिस्त्री म्हणून तेवढं जमलं."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. हो म्हणालास आणि भिंतीकडं तोंड केलंस."

"मला वाटलं, तुम्ही विमानासाठी आलात."

बाबाजानांनी नकारार्थी मान हलवली. "आणि ते वाक्य. विमान घरी आणायचं. ते पायलटसाठी नव्हतंच. आमचं होतं, हँगरमधलं. म्हणजे विमान असं तयार करायचं, की पोरगा त्यात बसून घरी येईल. पोरगा. तू ते कुठनं अंगाला लावून घेतलंस?"

फैयाज खुर्ची ओढून बसला.

सुरय्याबी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभ्या होत्या. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याचं बोलणं बाहेरच्या माणसासमोर कधी खोडलं नव्हतं. आज त्या आत आल्या आणि सरळ नवऱ्यासमोर बसल्या.

"पोरीला कुट्टीचं सांगितलंत का?"

"सुरय्या, राहू दे."

"नाही, सांगितलंत का? सगळ्या मोहिमा पाठ करून घेतल्यात. कुट्टीची नाही घेतली." त्या मेहरीनकडं वळल्या. "तुझ्या दादांचं विमान होतं ते. म्हणजे तयार करणारे हे, उडवणारा कुट्टी. केरळचा पोरगा, बावीस-तेवीसचा, तुझ्याएवढा. ह्यांनी त्याचे पट्टे आवळले, शिडी काढून घेतली, आणि तो गेला. आम्ही बायका क्वार्टरच्या गच्चीवर कपडे वाळत घालायचो. जाताना किती विमानं गेली, येताना किती आली, बोलायची गरज नसायची. सगळ्या मनात मोजायच्या. त्या दिवशी एक कमी आलं. ह्यांचे साथीदार घरी आले, हे नाही आले. मी रमीजला कडेवर घेऊन फाटकापर्यंत गेले. फाटकाच्या शिपायानं सांगितलं, भाभी, शेख अजून शिडी घेऊन उभा आहे. कोणी हलवलं तरी हलत नाही."

बाबाजानांनी डोळे मिटले होते.

"नंतर आठ-दहा दिवस ह्यांनी जेवताना भाकरी मोडली नाही. मी मोडून द्यायचे. मग एक दिवस म्हणाले, आता ह्यावर बोलायचं नाही. मी पण नाही बोलले. आपण बोललो नाही, म्हणून पोरगं आभाळात चुकीचं वाक्य आठवत बसलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि काकासाहेबांकडं बघितलं. "नावं लिहा, भाऊ. न लिहून काय होतं ते ह्या घरानं बघितलंय."

अखेर काकासाहेबांनी घसा साफ केला.

"आमच्या गावच्या वेशीत वीरगळ हायेत, चाची. लहानपनी आमी त्याच्यावर बसून बोरं खायाचो. एकदा आज्यानं कानफाडात दिली. म्हनला, मानसं हायेत ती. लढताना पडलेली." ते स्वतःशीच विचार करत बोलत होते. "गाई वाचवताना पडला त्याचा बी दगड हाय, आन लढाईत पडला त्याचा बी. कुनी भेद न्हाई केला. आन जो जितून घरी आला त्याचा एक बी न्हाई." त्यांनी मोबाईल उचलला. "फ्लेक्सवाला भाचाच हाय माझा. संध्याकाळपातूर दुसरा काढतो. नावं सांगा, साहेब. हळू सांगा, लिवून घेतो."

"आणि पालक?" फैयाजनं विचारलं.

"बघू. दोन तुकड्यांची एक भरंल. त्यातली पोरं तरी समजून आलेली आसतील." मग न राहवून ते म्हणाले, "गवसणी तेवढी ऱ्हाऊ द्या. सरांनी लई हौसेनं लिवलीय."

आधी रमीज हसला, मग शबनम. फैयाजनं नावं सांगायला सुरुवात केली. दोन-तीन झाली आणि तो अडला. पुढचं नाव बाबाजानांनी सांगितलं, मग त्याच्या पुढचं. काही जण बापाच्या काळातले होते, काही मुलाच्या. दोघांनी मिळून ती पुरी केली. कुट्टीचं पूर्ण नाव बाबाजानांनी सांगितलं, आजोबांच्या नावासकट, आणि ते कसं लिहायचं ते दोनदा तपासून घेतलं.

उन्हं कलल्यावर फैयाज आपण होऊन म्हणाला, "विमान बघून येऊ."

सगळेच निघाले. चालतच. बाबाजान रमीजच्या हाताला धरून पुढं, मागं सुरय्याबी आणि शबनम, सगळ्यात मागं फैयाज आणि मेहरीन. शाळेच्या मैदानात मांडव घालून झाला होता आणि मंडपवाला माईक तपासत होता. विमान लोखंडी चौथऱ्यावर, नाक जरासं वर करून उभं होतं. रंगवणाऱ्यांची परांची अजून कॉकपिटच्या बाजूला लावलेली होती.

फैयाज आधी लांबच थांबला. मग त्यानं पुढं जाऊन पंखाच्या कडेला तळहात लावला. पत्रा उन्हानं तापलेला होता. आता हा माणूस काय करेल, याची शबनमला धास्ती वाटत होती. चोवीस वर्षांच्या संसारात तो झोपेत दचकून उठला की तिनं दिवा लावला होता, कारण विचारलं नव्हतं. पण फैयाजनं नुसता पंख दोनदा थोपटला, बैलाला थोपटावं तसा, आणि रमीजला हाक मारली.

"काच उघडते का रे वरची?"

"उघडते. मीच तेल घातलंय."

"खुर्ची आहे आत?"

"आहे. उडवायची दारू काढून घेतलीय तिची. नुसती खुर्ची."

"मेहरीन, वर चढ."

ती बघतच राहिली. मग चप्पल काढून परांचीवर चढली आणि आत उतरून बसली. फैयाज तिच्यामागं एकेक पायरी, रमीजच्या खांद्याचा आधार घेत वर आला. चढताना दोनदा थांबला, दात आवळले, पण कोणाला 'नको' म्हणू दिलं नाही. वर पोचून तो काठावर कोपर टेकून उभा राहिला.

"हे बघ. सगळी घड्याळं नंतर शिकवतील. मी एकच शिकवणार. पायांच्या मधे बघ, मूठ आहे. दोन्ही हातांनी. पाठ खुर्चीला घट्ट, डोकं मागं, हनुवटी वर. माझी पाठ सरळ नव्हती, मी पुढं वाकलेलो होतो बटणावर, म्हणून हे असं झालं. कळलं?"

"कळलं."

"विमान खाली असताना इंजिन गेलं, की काय करायचं?"

"ओढायचं."

"विमानाचं काय?"

मेहरीन अडखळली. तिनं खाली बघितलं. बाबाजान पंखाच्या सावलीत उभे होते, मान वर करून. कोट त्यांनी हातावर घेतला होता.

"सांग की पोरी," ते खालून म्हणाले. "विमान दुसरं मिळतं. मी तयार केलेली सगळी विमानं आज भंगारात आहेत. काही वाईट वाटत नाही मला."

फैयाजनं बापाकडं बघितलं. बाबाजानांनीही बघितलं. मांडवातला माणूस माईकमध्ये हॅलो हॅलो करत होता. सुरय्याबींनी नवऱ्याच्या हातातला कोट काढून आपल्याकडं घेतला.

"आता डोळे मीट," फैयाज मेहरीनला म्हणाला. "धूर असेल, घाबरलेली असशील, काही दिसणार नाही. न बघता हात गेला पाहिजे. कर."

तिनं डोळे मिटले. पाठ टेकवली, हनुवटी वर केली, आणि दोन्ही हात खाली नेले. डावा हात मुठीच्या बाजूला लागला.

"चुकलं. पुन्हा."

तिनं पुन्हा केलं. या वेळी दोन्ही हात मुठीवर पडले.

"पुन्हा," फैयाज म्हणाला. "आणखी लवकर."